पडदा ओढल्यापासून

प्रिय आबा,

पत्र बघून दचकू नका, मी आजारी नाही आणि परस्पर लग्नही केलेलं नाही. या बंदराच्या गावात येऊन तीन महिने झाले. आधी बर्फाच्या कारखान्यात होते, मग एका छत्रीवाल्याकडे. छत्रीची एक काडी बसवायला किती डोकं लागतं म्हणून सांगू! पण ते राहू दे, नाहीतर पत्र तिकडेच वाहून जायचं.

परवा इथे मतदान झालं आणि मला एका दिवसाचं काम मिळालं. शाळेच्या व्यायामशाळेत चार आडोसे उभे केलेले, पुढे निळे पडदे, आत एक फळी आणि दोरीला बांधलेली पेन्सिल. माझ्या गळ्यात घड्याळ. आत कोण किती वेळ आहे एवढंच बघायचं. रांग असेल तर माणशी पाच मिनिटं, मागे कोणी नसेल तर दहा. वेळ संपली की पडद्याबाहेरून हाक द्यायची. तुम्ही म्हणाल, जिला उठवायला घरादाराने हाका मारायच्या तिच्याच गळ्यात घड्याळ! केंद्रप्रमुख बाईंनी सकाळी नियमांची पुस्तिका हातात दिली. मी तिच्यावर चहाचा कप ठेवला.

बहुतेक लोक आत गेले की मिनिटभरात बाहेर. एक तर आत जाऊन नुसता शिंकून आल्यासारखा आला. अकराच्या सुमाराला मात्र रांग दारापर्यंत पोचली आणि दोन काठ्या टेकत एक म्हाताऱ्या शिक्षिका आल्या. मतपत्रिका त्यांच्या हातात पडली आणि मी घड्याळ दाबलं, सकाळपासून सगळ्यांचं तसंच दाबत होते. टेबलापासून आडोशापर्यंत पावलं पंधराच, पण बाईंची. पाच मिनिटं भरली तशी मी हाक दिली, "बाई, वेळ संपली." पडदा सरकवून म्हणाल्या, "अगं, चष्मा आत्ता कुठे नाकावर आलाय!" रांगेतला एक टक्कलवाला म्हणाला, "बाई, पेपर सोडवताय का?" त्या म्हणाल्या, "हो. आणि तुझाही तपासलेला आठवतोय मला. दोनदा बसला होतास." सगळी रांग हसली, टक्कलवाला सोडून.

केंद्रप्रमुख आल्या. "घड्याळ कधी दाबलंस?" मी सांगितलं. त्यांनी माझा कप उचलला, पुस्तिका उघडली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. वेळ मोजायची ती पडदा ओढल्यापासून. चालण्याची नाही, काठी भिंतीला टेकवण्याची नाही. मतपत्रिका अजून पेटीत पडली नव्हती, म्हणून बाई परत आत गेल्या. तीन मिनिटं चाळीस सेकंदांत बाहेर. जाताना मला म्हणाल्या, "वाचत जा गं जरा."

दिवसभर मग माझं लक्ष थाऱ्यावर नव्हतं. मला तुम्ही दिसत होतात.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. आपल्या रस्त्यावरच्या निम्म्या दुकानांच्या पाट्या तुमच्या हातच्या. फूटपट्टी न घेता सरळ रेघ मारणारा माणूस म्हणून लोक तुम्हाला ओळखायचे. मग अर्धांगाच्या झटक्यात उजवा हात गेला, चालायला काठी आली, आणि त्यानंतरचं ते पहिलंच मतदान. तीन दिवस तुम्ही जुन्या कागदांच्या पाठीवर चौकटी काढून त्यांत डाव्या हाताने फुल्या मारत होतात. म्हणायचात, "फुली चौकटीबाहेर गेली तर ब्रश कायमचा खाली ठेवीन." त्या दिवशी रांगेत तुमच्या मागे बेकरीवाला आणि त्याच्या मागे मी. तुम्ही आत गेलात. थोड्या वेळाने कारकुनाने पडद्यावर टकटक केलं, "काका, पाच मिनिटं झाली, मागून तक्रार आहे." तुम्ही बाहेर आलात, घडी पेटीत टाकलीत. घरी आल्यावर एवढंच म्हणालात, "कोरीच टाकली." त्यानंतर तुम्ही मतदानाला गेला नाहीत. आणि बेकरीची पायरीही चढला नाहीत. पावासाठी दोन गल्ल्या पलीकडे जाता. तो समोरून नमस्कार करतो, तुम्ही भिंतीकडे बघता. त्या बिचाऱ्याला वाटतं, त्याने नवीन पाटी प्लास्टिकवर छापून घेतली म्हणून तुम्ही रुसलात.

आबा, तक्रार बेकरीवाल्याने केली नव्हती. मी केली होती. मला बस गाठायची होती, मैत्रिणी स्थानकावर थांबल्या होत्या. मी रांगेतून निघून कारकुनाच्या कानाशी जाऊन म्हटलं, पाच मिनिटं झाली आहेत. भिंतीवरच्या घड्याळात बघून म्हटलं, पण मोजली होती तुमच्या हातात मतपत्रिका दिल्यापासून. काठी टेकत आडोशापर्यंत जायला तुम्हाला दोन मिनिटं तरी लागली असतील. म्हणजे तुमची दोन मिनिटं मी खाल्ली. घरी तुम्ही बेकरीवाल्याला शिव्या दिल्यात तेव्हा मी शेजारी बसून मान हलवली. दोन महिन्यांनी घर सोडलं, आणि "हिच्या पायाला भिंगरी आहे" असं तुम्ही सगळ्यांना सांगत राहिलात, ते मला सोयीचंच पडलं. येत्या रविवारी आपल्याकडे मतदान आहे. मी शनिवारी दुपारच्या बसने येते. दोन वाजल्यानंतर आपल्या केंद्रावर चिटपाखरू नसतं, तेव्हा जाऊ. दहा मिनिटं मिळतील, पडदा ओढल्यापासून. आलात तर मी बाहेर बाकावर बसेन, घड्याळाशिवाय. पण बसमधून उतरल्यावर आधी बेकरीत जाणार आहे, त्याला सगळं सांगायला. येताना पाव तिथलाच आणीन. खायचा की नाही ते तुम्ही ठरवा.

तुमचीच, त्या दिवशी घाई केलेली,
भिंगरी