पान एक्केचाळीसवरचं पत्र

॥ श्री ॥
फ्रीमाँट, ३ सप्टेंबर २००८

ती. सौ. उल्काताईस,
सा. न. वि. वि.

आपल्या आसूचं पुस्तक काल टपालाने आलं. दुकानात यायला अजून दीड महिना आहे, ही आगाऊ प्रत. कॉम्प्युटरची डिग्री हातात असताना ही पोर व्हरमाँटच्या बर्फात कार्टून शिकायच्या शाळेत जाऊन बसली, तेव्हा यांनी तिच्याशी आठ दिवस अबोला धरला होता, आठवतं ना? आता तिच्या अठरा जणांच्या वर्गातल्या तिघांची पुस्तकं निघतायत. लहान मुलांसाठीच्या या चित्रांतल्या कादंबऱ्या लायब्ररीवाले हातोहात घेतात म्हणे. मुखपृष्ठावर तिचं नाव पाहून मी ओट्यापाशी उभ्या उभ्या रडले.

मग पान एक्केचाळीस उघडलं. गोष्ट एका मुलीची आहे. तिला आईची मराठी पत्रं वाचता येत नाहीत, म्हणून त्यांत काय असेल ते ती मनाने रचते. या पानावर आईचं एक पत्र पानभर काढलंय. ताई, अक्षर माझं आहे. पत्रही माझंच, २००१ च्या नोव्हेंबरात तुला लिहिलेलं. शब्दन् शब्द वाचता येतो.

तू विसरली असशील तर सांगते. चष्मा घरी राहिला म्हणून मी यांच्या सांता क्लाराच्या ऑफिसात गेले होते, तेव्हा कळलं की नोकरी जाऊन तीन आठवडे झाले. परत येताना लायब्ररीच्या पार्किंगमध्ये यांची गाडी दिसली. आत हे मांडीवर डबा घेऊन बसले होते. मी काच न वाजवता घरी आले. फेब्रुवारीत नवी नोकरी लागेपर्यंत हे रोज साडेआठला निघायचे, सहाला परत यायचे, आणि मी डबा भरत राहिले. मला ठाऊक आहे हे मी यांना आजतागायत कळू दिलेलं नाही. फक्त तुला लिहिलं.

२५ ऑक्टोबरला मंडळाच्या दिवाळीत हे पुस्तक टेबलावर मांडायचंय. तिथे सगळे मराठी वाचतात. आणि सगळ्यांच्या आधी हे वाचतील. मागच्याच वर्षी दोन स्टेंट बसलेत. फोनवर हे मोठ्याने म्हणवत नाही, घर रिकामं असलं तरी. प्रत मी तांदळाच्या डब्यात लपवली आहे. ते पत्र आसूच्या हाती लागलंच कसं? मला फार भीती वाटते.

लोभ आहेच, या महिन्यात थोडा जास्त लागेल.
तुझी
शोभना


चँडलर, ९ सप्टेंबर २००८

चि. सौ. शोभनास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

चोर मी आहे. तू मला काय बोलायचं ते बोल.

मागच्या उन्हाळ्यात आसू माझ्याकडे तीन आठवडे राहिली होती. जेवणाच्या टेबलावर खालून दिवा लावलेली काच मांडून ती दिवसभर चित्रं गिरवायची. एक दिवस म्हणाली, मावशी, मला मराठी हँडरायटिंग हवंय, रिअल. तुझी सगळी पत्रं माझ्याकडे बिस्किटांच्या निळ्या डब्यात आहेत. मला इतका अभिमान वाटला की विचारू नकोस. तेव्हा मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं होतं, अक्षरं नुसती ढगासारखी दिसत. पान गच्च भरलेलं आहे एवढं पाहून मी एक पत्र काढून दिलं. पोरीला वाचता येत नव्हतं आणि मला दिसत नव्हतं. तिने ते काचेवर ठेवून काना-मात्रेसकट उतरवून घेतलं, आणि मी शेजारी बसून तिला चहा देत होते.

आता रडत बसू नकोस. आसूला फोन करून ते पान बदलायला सांग. मीही इथे देव पाण्यात ठेवले आहेत. तुझे भावोजी विचारतात की मी जेवत का नाही, त्यांना उन्हाळा म्हणून सांगितलंय.

माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.
तुझी
उल्काताई


फ्रीमाँट, १७ सप्टेंबर २००८

ती. सौ. उल्काताईस,
सा. न. वि. वि.

तुला बोलून काय करू, मीच ते लिहायला नको होतं.

आसूला फोन केला. पुस्तकं परदेशात छापून झाली, आता ती बोटीवर आहेत, म्हणजे सगळं संपलं. तिने विचारलं की त्या पत्रात आहे तरी काय, आणि मला सांगता येईना. बाबा ते चार महिने कुठे जात होते हे तिलाही ठाऊक नाही. मी म्हटलं, घरगुती आहे. ती हसली, म्हणाली, मॉम, दॅट्स द होल पॉइंट. तिच्या वर्गातल्या एका मुलीचं पुस्तक चौथीच्या मुलांनी फाटेपर्यंत वाचलं म्हणून शाळेने दुसऱ्यांदा मागवलंय. आपलंही असंच होईल अशी तिला आशा आहे, आणि मी देवापाशी मागते की एकही प्रत खपू नये. अशी आई असते का? पुढे ती बाबांबद्दल काहीतरी सांगणार होती, पण तेवढ्यात गॅरेजचं दार वाजलं आणि मी फोन ठेवला.

दुसरी भीती अजून लिहिली नाही. यांच्या ऑफिसातला एक अख्खा मजला रिकामा झालाय. शेजारच्या दीपाच्या नवऱ्याला शुक्रवारी खोक्यात सामान भरून घरी पाठवलं. हे काहीच बोलत नाहीत, साडेआठला निघतात, सहाला येतात. परवा मी यांच्या ऑफिसातल्या टेबलावरचा फोन लावला, नुसती रिंग ऐकायला. उचलला नाही. मीटिंग असेल. विचारायचा धीर होत नाही, कारण मागच्या वेळीही विचारलं नव्हतं.

डबा रोज रिकामा येतो, तेवढंच बघते.

तुझी माया आहे म्हणून उभी आहे.
शोभना


फ्रीमाँट, २ ऑक्टोबर २००८

ती. सौ. उल्काताई यांस,
सा. न. वि. वि.

सत्तावीस वर्षांत तुम्हाला हे माझं पहिलंच पत्र, तेव्हा आधी सांगतो की घरात सगळे खुशाल आहेत.

शनिवारी भात मी लावतो. शोभना ते विसरलेली दिसते. तांदळात आसूचं पुस्तक निघालं. झटकून होतं तसं परत ठेवलं.  हल्ली गाडी आत आली की ती दचकते. कारण मला ठाऊक आहे आणि मी गप्प आहे, हे बरं नाही.

पान एक्केचाळीस मी मार्चमध्येच वाचलंय. मराठी उलटं तर छापलं जात नाही ना, हे विचारायला आसूने ते माझ्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवलं होतं. माझ्या क्यूबिकलला दार नाही, त्यामुळे खिडकीकडे तोंड करून तीनदा वाचलं. मग तिला कळवलं की सुलट आहे, अक्षर तुझ्या आईचं आहे, एक रेघही बदलू नकोस. तिच्या शाळेला मी काय काय बोललो होतो ते आठवलं.

पण खरं सांगायचं तर त्या पत्रातलं मला नवीन नव्हतं. त्या नोव्हेंबरात एक दिवस डब्यातला वरणभात बंद झाला आणि दशम्या, लसणाची चटणी, कोरडी भाजी सुरू झाली. ऑफिसात मायक्रोवेव्ह असतो, गाडीत नसतो. गारही घशाखाली उतरेल असंच ती देत होती. मला पहिल्याच दिवशी समजलं. फेब्रुवारीत कंपनी बदलली म्हणून सांगितलं, दुसऱ्या दिवशी वरणभात परत आला.

तेव्हा लाजेने बोललो नाही. नंतर भीतीने बोललो नाही. ती इतकी जपून गप्प राहिली होती, ते मोडायचं कसं? तुम्ही थोरल्या आहात. तिला कसं सांगू ते कळवा. ऑपरेशनच्या टेबलावर वाटली नव्हती एवढी भीती मला या वेळी वाटते आहे.

राजारामभावोजींना नमस्कार. आजवर न लिहिल्याचा राग नसावा.
आपला
मोरेश्वर


चँडलर, ७ ऑक्टोबर २००८

चि. सौ. शोभनास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सोबत मोरेश्वररावांचं पत्र आहे. कसं सांगू म्हणून त्यांनी मला विचारलं, मला याहून चांगली वाट सुचली नाही. या वेळी चष्मा लावून, दोनदा वाचून पाठवते आहे.

आधी बस, मग वाच.
उल्काताई


फ्रीमाँट, १६ ऑक्टोबर २००८

ती. सौ. उल्काताईस,
सा. न. वि. वि.

मंगळवारी पाकीट मिळालं. संध्याकाळी हे आले, चहा झाला, बातम्या झाल्या, आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. यांच्याही नाही. सात वर्षांची सवय एका पत्राने कशी मोडेल?

काल पहाटे उठून दुधात कणीक भिजवली. डब्यात दशम्या आणि लसणाची चटणी घातली, डबा यांच्या हातात दिला, आणि यांच्या तोंडाकडे न बघता दार लावून घेतलं. मग जिवात जीव राहिना. नोकरी आहे की नाही हे मला अजून ठाऊक नव्हतं. डबा उघडून यांना काय वाटेल, छातीत दुखलं तर जवळ कोण आहे, म्हणून साडेअकरापासून फोनशी बसून राहिले.

हे दुपारी कधी फोन करत नाहीत. काल पाऊण वाजता केला. मागे माणसं बोलत होती, कुणीतरी हसत होतं, काहीतरी गुणगुण वाजत होतं.   मग हे म्हणाले, “शोभना, इथे मायक्रोवेव्ह आहे.”

पुस्तक तांदळातून काढून हॉलमध्ये ठेवलंय. आज वरणभात दिला.

तुझी
शोभना