आजीला तेल नको आहे

प्रिय आत्या,

मी तुझ्या भावाचा मुलगा. तू मला शेवटचं पाहिलंस तेव्हा मी कारखान्याच्या पायरीवर बसून लाकडाच्या ढलप्या तोंडात घालत होतो, असं आई सांगते. आता मी पप्पांबरोबर शवपेट्या बनवतो. माझी शाळा लहानपणीच सुटली, लिहायची सवय नाही, म्हणून हे पत्र आधी कच्चं लिहून मग नीट उतरवलं आहे. प्रत्येक फळी दोनदा मोजतो म्हणून आजी मला फूटपट्टी म्हणते, आणि आता सगळेच म्हणतात.

आजी खूप आजारी आहे. हे पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं, पण हात वळला नाही. डॉक्टरांनी हात टेकले. तिची स्वतःची तयारी तर कधीचीच आहे. तिची पेटी माळ्यावर असते आणि तिच्यात आमच्या रजया. मी जाईपर्यंत रिकामी ठेवून काय तिची पूजा करायची आहे, असं ती आईला म्हणायची. त्यामुळे घरात कुणाला धक्का बसेल असं वाटलं नव्हतं. धक्का बसला तो वेगळाच.

रविवारी चर्चमधली मिस्सा संपवून फादर आले. पापनिवेदन ऐकायचं, मरणाआधी लावतात ते शेवटचं तेल लावायचं, प्रसाद द्यायचा. आम्ही सगळे गुडघ्यांवर. फादरांनी तेलाची बाटली उघडली आणि आजीनं चादर डोक्यावरून ओढून घेतली. आतून म्हणाली, "नको. आत्ता नको." जिनं ताप असतानाही मिस्सा चुकवली नाही, रंधा मारतानाही जिच्या ओठांवर रोजरीचा जप असायचा, ती! पप्पा म्हणाले, तिचं डोकं ठिकाणावर नाही, लावून टाका. फादर म्हणाले, "शुद्ध नसेल तर लावीन. नको म्हणतेय तोवर नाही."

तेव्हापासून पप्पा तिची शुद्ध हरपायची वाट बघत आहेत. वाईट मनानं नाही, आत्या. आपली आई तेलावाचून गेली तर पुढे तिचं काय होईल, या भीतीनं त्यांना जेवण जात नाही. पण आजीला ते कळलं आहे. म्हणून ती झोपतच नाही. पलंगाची कड धरून बसते. पापणी मिटायला लागली की मला म्हणते, "फूटपट्टी, चिमटा काढ." मी काढतो. तिच्या दंडावर निळे डाग पडले आहेत. ते डाग पाहून पप्पा कारखान्यात गेले. बराच वेळ हातोडीचा आवाज येत होता. त्या दिवशी ठोकण्यासारखं काही काम नव्हतं.

तिनं मला काम शिकवलं ते तुला सांगायचं आहे. आजोबा गेल्यावर तिनं करवत हातात घेतली आणि पेटी आतूनही घासायची रीत घातली. मी एकदा म्हटलं, आत कोण बघतंय? म्हणाली, "आत झोपणाऱ्याला कुसळ लागेल ना, गाढवा." मोठ्या पेट्या ती आमच्यावर सोडायची. तान्ह्या मुलांच्या मात्र तीच करायची, दार लावून घेऊन. का, ते मला परवा दुपारी कळलं. मी चमच्यानं चहा पाजत होतो. घरी आम्ही दोघंच होतो.

तुला हे माहीत असेल, तरी तिच्या शब्दांत लिहितो. तू तान्ही असताना आजारी पडलीस. डॉक्टरांनी आशा सोडल्यावर तिनंच फळी घेतली आणि तुझ्या मापाची पेटी करायला बसली. अर्धी फळी रंधून झाली आणि हात थांबला. म्हणाली, देवा, हिला ठेव, मोठी झाली की तुलाच देईन. तू वाचलीस. तिनं शब्द पाळला आणि तुला मठात धाडलं. तू सिस्टरपण सोडून निळी बॅग घेऊन दारात आलीस, तेव्हा तिनं उंबऱ्यातूनच सांगितलं, "देवाचं माणूस मला घरात ठेवून घेता येत नाही," आणि कडी लावली.

मला वाटलं होतं, ती अजून तुझ्यावर रागावली आहे. घरात सगळ्यांना तेच वाटतं. पण चहाचा चमचा बाजूला सारून ती म्हणाली, "मी जे दिलं ते माझं नव्हतंच रे. तिचं तिला विचारायला हवं होतं. तिच्याशी बोलल्याशिवाय फादरांसमोर पापनिवेदनाला तोंड उघडू कशी?"

मी लगेच म्हटलं, आत्याला बोलावतो. तर माझ्यावर खेकसली. "खबरदार! ती कशाला येईल? कडी मी लावली. तिच्या दारात मी जायचं." आत्या, तिला आता उभंही राहता येत नाही. तरी कारखान्याच्या गाडीत, जिथे पेट्या ठेवतो तिथे, मला गादी घालायला लावली. "त्या गाडीतून आडवं जायचंच आहे, जिवंतपणी एकदा बसून बघते," असं म्हणून हसलीसुद्धा. डॉक्टर म्हणतात, रस्त्यातच जाईल. पप्पांना काही सांगितलेलं नाही. कळलं तर ते गाडीसमोर आडवे पडतील. आईला माहीत आहे, तिनंच तुझा पत्ता दिला.

म्हणून हे पत्र. ये, असं मी लिहिणार नाही, तिनं तशी मनाई केली आहे. क्षमा कर, असंही नाही. ते ती स्वतः म्हणणार आहे आणि त्यावर काय बोलायचं ते तुझं तू ठरव. मला फक्त एवढंच विचारायला सांगितलं आहे, की ती तुझ्या दाराशी आलेली चालेल का. चालणार नसेल तर तेही सरळ सांग, मी तिला जसंच्या तसं सांगेन. हे पत्र आणणारे आमचे ड्रायव्हरमामा तुझ्या दाराबाहेर उभे आहेत. ते उत्तर घेऊनच निघतील. तोवर मी तिला जागी ठेवतो.

तुझाच,
फूटपट्टी