दरडीवरचं घर

रिठद, पोळ्यानंतरचा सोमवार

चि. उत्तम यास, मोठ्या बहिणीचा रागासकट आशीर्वाद.

अकोल्याहून तुह्यं पत्र आलं. लिवलं का, घर गळत असंन त धाब्यावर पांढरी माती टाकून घे. कुठून आनू ते बी लिवायचं होतं. गाडी जुपायचा कंटाळा म्हून दरवर्सी तू घराखालचीच दरड कोरली अन् तीच माती घराच्या डोक्यावर टाकली. पाय कापून पागोटं बांधनारा मानूस म्या दुसरा नाही पाह्यला. हवा येते म्हून नदीच्या कडेले घर बांधलं, तवाच मी नोको म्हनलं होतं.

परवाच्या पुरात तुहा गोठा दरडीसंगं नदीत गेला. बैल चरायले गेलते म्हून वाचले. आता चुलीजवळ भेग पडली, हात जाते तिच्यात. तुही बायको प्रयाग लेकरायले घेऊन माह्या घरी आली. तुले सांगू नोका म्हनते.

तिचं बराबर आहे. हे पत्र मी टपालात टाकनार नाही. घर रिकामं केलं हे समजलं त तू जिदीनं येशीन अन् एकटा तिथंच झोपशीन.

नदीनं घर नेलं का मंग कळवीन.

तुही,
हौसाबाई