झुडपातला लाल पक्षी आणि कात्रीचा पडका दात

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार. वाकून करायला गेलो, पण कंबर अर्ध्यावरच अडकली. उरलेला भेटीत करीन. तुझे गुडघे कसे आहेत? भावजींचा खोकला, आणि त्याहून जास्त त्यांचं त्या खोकल्याविषयी बोलणं, कमी झालं का? आईचा बटणांचा डबा नीट आहे ना? (तो तुझ्याकडे का, आणि घरात शिंपी मी असताना माझ्याकडे का नाही, हा विषय मी काढत नाही. काढला की दोन महिने तुझी पत्रं बंद होतात.) मी जिवंत आहे. कसा, ते पुढे वाच, कारण झाल्या प्रकाराला सर्वस्वी तू जबाबदार आहेस.

हिला जाऊन तीन वर्षं झाली, किती दिवस मशीनला नाक लावून बसणार, जरा माणसांत जा, असं तूच म्हणालीस ना? तुझं काय जातंय, तिकडे बसून उंटावरून शेळ्या हाकायला! तुझं तोंड बंद करावं म्हणून मी दर रविवारी सकाळी नदीकाठच्या पायवाटांवर निसर्ग बघायला जाणाऱ्या मंडळात नाव घातलं. बस डेपोमागच्या लोखंडी पायऱ्या उतरलं की शहर वर राहतं आणि आपण खाली चिखलात. मंडळ म्हणजे चार माणसं. एक रिटायर्ड पोस्टमास्तर, जे अजूनही टपाल वाटायला निघाल्यासारखे पुढे पळतात. एक बेकरीवाले, जे फुलांपेक्षा स्वतःच्याच पावांचा वास जास्त घेतात. मी. आणि आमच्या पुढारी, बाई. शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं, आता एकट्या राहतात, पण नजर अशी की आपला गृहपाठ राहिलाय असं वाटावं. त्यांची एक वही आहे. गेली अकरा वर्षं दर वसंतात कुठल्या झाडाला कधी पालवी फुटली, कुठला पक्षी कोणत्या तारखेला आला, सगळं शाईने लिहिलेलं. एक खाडाखोड नाही. म्युझियमवाले डोळे मिटून त्या वहीवर विश्वास ठेवतात, आणि बाईंना आयुष्यात दुसऱ्या कशाचा अभिमान असेल तर तो त्यांनी मला दाखवलेला नाही.

पहिला दीड महिना मी तोंड उघडलं नाही. मला पक्ष्यांतलं काय कळतंय? लोक वर बघायचे, मी लोकांचे कपडे बघायचो. (पोस्टमास्तरांच्या पँटचा डावा पाय उजव्यापेक्षा इंचभर आखूड आहे. माझं काम नाही ते.) एकदा गळ्यात टेप होतीच म्हणून एका जुन्या झाडाचं माप घेतलं आणि सवयीने ओरडलो, छाती अठ्ठ्याण्णव! बेकरीवाले हसून हसून खाली बसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. खरं सांगतो ताई, मला फार बरं वाटलं, आणि सगळा घोटाळा तिथेच झाला. माणसाला बरं वाटलं की तो शहाणपणा करायला जातो.

गेल्या रविवारी ओढ्यापलीकडच्या काटेरी झुडपात मला काहीतरी लाल हललेलं दिसलं. मी, ज्याला चिमणी आणि साळुंकीत फरक करताना घाम फुटतो, तो मी ओरडलो, पक्षी! लाल पोटाचा! झालं. बाईंनी हात वर केला आणि आम्ही चौघं चिखलात पालथे पडलो. चांगली चाळीस मिनिटं. बेकरीवाल्यांचे पाव पोटाखाली चपाती झाले. मी कुजबुजत वर्णन करत होतो, आता मान वळवली, आता पंख झाडले. माझ्या तोंडाला जणू नळ लागला होता. एवढ्यात वारा फिरला, दुर्बीण माझ्याकडे होती, आणि मला त्या पक्ष्याची कड दिसली. दातेरी कड. आणि तिच्यात ठरावीक अंतराने एकेक दात गायब! आता तुला ठाऊक आहे, आपल्या अण्णांच्या दातेरी कात्रीचा एक दात तू लहानपणी पत्रा कापताना पाडलास, आणि अख्ख्या जगात तशी कड फक्त माझ्या दुकानात निघते. तो पक्षी म्हणजे मी विकलेल्या लाल फ्लॅनेलच्या अस्तराची चिंधी होती. त्या ताग्यातून मी डझनभर जॅकेटं शिवलीत. कोणाचं फाटलं देव जाणे. आपलेच दात आणि आपलेच ओठ!

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण बाईंचा चेहरा असा फुलला होता की माझी जीभ रेटेना. त्यांचं पेन नेमकं चालेना, म्हणून पोस्टमास्तरांच्या कानावरची पेन्सिल घेऊन त्यांनी नोंद केली: या खोऱ्यात प्रथमच. पोस्टमास्तरांना चेव चढला, म्हणाले, म्युझियमच्या साहेबांना बोलवाच. बाईंनी सोमवारी पत्र टाकल्याचं सांगितलं. येत्या रविवारी साहेब येणार. चोराच्या मनात चांदणं, तसा मी काल गुपचूप एकटाच जाऊन ती चिंधी काढून आणली. (येताना ओढ्यात कमरेपर्यंत पडलो. नमस्कार अर्ध्यावर अडकला तो त्यामुळे.) आता झुडपात पक्षीही नाही आणि चिंधीही नाही. साहेब विचारतील, बाई, म्हणजे तुमची अकरा वर्षांची वही अशीच का? माझ्या एका शब्दापायी त्यांचं नाव जाणार. आणि मला त्या रविवारांची सवय झाली आहे गं. पुन्हा ते दुकानाचं अर्धं ओढलेलं शटर आणि मशीन नको वाटतं.

तेव्हा माझ्यावर एवढे उपकार कर. पत्र मिळताच दुकानात फोन कर आणि मोठ्याने कण्ह. मी तुझ्या आजारपणासाठी म्हणून पळून येतो. गुडघे नाहीतरी दुखतातच, खोटंही होणार नाही.

तुझाच,
धाकटा

ता. क. – फोन करू नकोस. पत्र पेटीत टाकायला निघालो तोच बाई दुकानात आल्या. हातात जॅकेट, अस्तर बगलेखाली वीतभर फाटलेलं, तुकडा गायब. मी सवयीप्रमाणे आधी खिसे रिकामे केले, तर आतल्या खिशात म्युझियमच्या साहेबांना लिहिलेलं पत्र. तिकीट लावलेलं, पण टाकलेलंच नाही. मी खणातून चिंधी काढून फाटलेल्या जागी धरली. दातागणिक बसली. बाई म्हणाल्या, "मला दहाव्या मिनिटालाच कळलं होतं. आदल्या रविवारी तिथेच अडकलं होतं माझं जॅकेट." मग उरलेला अर्धा तास चिखलात का पडून राहिलात, असं मी विचारलं. तर म्हणाल्या, "तुम्ही पहिल्यांदाच एवढं बोलत होतात. मध्येच चिंधी कशी म्हणू?" पेन चांगलं चालत होतं म्हणे. पेन्सिल मुद्दाम मागितली होती.

ता. क. २ – नोंद त्यांनी माझ्यासमोर खोडली. झाडाची छाती अठ्ठ्याण्णव मात्र शाईत आहे.

ता. क. ३ – जॅकेटची बटणंही गेलेली आहेत. आईच्या डब्यातली शिंपल्याची बटणं पाठव. मागे एकदाच मागितली होती, हिच्या कोटासाठी, लग्नाच्या आधी. तेव्हा तू काही न विचारता सहा काढून दिली होतीस. आता चार उरली असतील, चार पुरतील. या वेळीही काही विचारू नकोस.

विचारलंसच, तर सांगेन.