शेवटची अकरा मिनिटे

कोपरगाव,
१४ नोव्हेंबर २०२५

प्रिय सुहास,

चित्रमंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर आपली रोज गाठ पडत असताना टपालाने पत्र कशासाठी, असे तुला वाटेल. हे गटावर लिहिण्यासारखे नाही. लीनाला जाऊन आठ महिने झाले. माझी प्रकृती ठीक आहे. स्वयंपाकाला केशरबाई येतात. त्या अजून दोन माणसांची भाजी करतात आणि मी त्यांना अडवत नाही.

गेल्या महिन्यात आपल्या त्या जुन्या अंतराळपटाची नवी डिस्क निघाली आणि मंडळातल्या कल्याणने ती मागवली, हे तुला ठाऊक आहेच. आधी त्याने थट्टा केली, 'डिस्क आली मंडळी, पन प्लेअर कुनाकडं हाय? आरशापुढं धरून बघायची का?' पुतण्याकडे ती पाहून आल्यावर मात्र त्याचा सूर बदलला. 'सर, लई मोठा घोटाळा हाय. कंपनीनं मागं अकरा मिनटांचं शेपूट चिकटवलंय. म्हातारा घरी येतो म्हनं!' आपण तीस वर्षे पाहिलेला चित्रपट यानाचे दार अर्धे उघडते तेथे संपतो. म्हातारा पृथ्वीवर उतरला की नाही, यावर आपण किती वाद घातले! मी तर कॉलेजच्या वार्षिकांकात 'अनिर्णित शेवटाचे सौंदर्य' असा लेख लिहिला होता. त्याची मुद्रिते लीनाने तपासली होती. साहजिकच मी कंपनीला निषेधाचे सविस्तर पत्र धाडले, आणि गटावर सर्वांनी त्याला पाठिंबा दिला.

तू दिला नाहीस. तू लिहिलेस, 'लीनावहिनींना तो शेवट फार आवडायचा.' मिनिटभरात तो संदेश काढूनही टाकलास. परंतु मी तो वाचला होता.

सुहास, जो शेवट आपल्या कॅसेटमध्ये नव्हता, तो तिने कोठे पाहिला? कोणाबरोबर? माझ्याजवळ तिने त्याचा कधी उल्लेखही केला नाही. मी जुन्या डायऱ्या काढल्या. कॅसेट तू पुण्याहून डिसेंबर १९९४ मध्ये आणलीस. त्याच आठवड्यात शुक्रवारपासून सोमवारपर्यंत मी परीक्षेच्या कामासाठी संगमनेरला होतो. तुझ्या घरी जयावहिनी नव्हत्या; बाळंतपणासाठी माहेरी होत्या. या तीन गोष्टी मी एका कागदावर एकाखाली एक लिहिल्या आणि कित्येक दिवस तो कागद पाहत बसलो. बत्तीस वर्षांच्या संसारात तिच्यावर कधी संशय घेतला नव्हता. ज्या दिवसांत ती उत्तर देऊ शकत नाही, नेमका त्याच दिवसांत घेतला.

अखेर पुरावा हवा म्हणून मी कपाटातली ती कॅसेट काढली आणि व्हीसीआर घेऊन एसटी स्टँडमागे वाल्मिकच्या दुरुस्तीच्या दुकानात गेलो. त्याने दोन दिवस खटपट करून तो चालता केला. दार अर्धे उघडले. या क्षणी लीना नेहमी उठायची, व्हीसीआर बंद करायची, दिवे लावायची आणि कोथिंबीरवडीची ताटली फिरवायची. आपण तोंड भरून वाद घालू लागायचो. वाल्मिकने मात्र कॅसेट तशीच चालू ठेवली. थोडा वेळ नुसत्या मुंग्या दिसल्या आणि मग तो मोठ्याने हसला. 'सर, फुडं तर तुमीच हाय की! केस बघा किती हुते!'

पडद्यावर मी होतो. जानेवारी १९९५ चे स्नेहसंमेलन. मी वार्षिक अहवाल वाचत होतो. तुम्ही दोघांनी शेवट पुन्हा पाहण्यासाठी कॅसेट त्या दारापर्यंत मागे घेऊन तशीच व्हीसीआरमध्ये ठेवलेली असणार. मी ती कोरी समजून तिच्यावरच कॅमेऱ्यातले चित्रण उतरवून घेतले. पुढे त्या अहवालाचे चित्रण कोठेच सापडेना, तेव्हा 'ते उतरलेच नव्हते' म्हणून मी बिचाऱ्या कॅमेरावाल्याला चारचौघांत खोटे ठरवले. म्हणजे शेवट मीच पुसला होता, आणि पुसलेल्या जागेच्या सौंदर्यावर लेखही मीच लिहिला होता. मंडळात माझे हसे होऊ नये म्हणून लीना तीस वर्षे वेळेवर उठत राहिली आणि तू गप्प राहिलास. वाल्मिक म्हणाला, 'बंद करू का सर?' मी नको म्हणालो. पूर्ण अहवाल ऐकला. फारच लांब आहे.

कंपनीला मी क्षमापत्र पाठवले आहे. गटावरही उद्या सर्व सांगेन; कल्याणला वर्षभर पुरेल इतके खाद्य मिळेल. परंतु हे पत्र त्यासाठी नाही. व्हीसीआर दुरुस्त होण्याची वाट पाहत असताना, गेल्या मंगळवारी, मी जयावहिनींना फोन केला आणि विचारले, 'तुम्ही माहेरी होतात तेव्हा सुहास आमच्याकडे किती वेळा येत असे?' त्या 'का हो भाऊजी?' एवढेच म्हणाल्या. मी उत्तर न देता फोन ठेवला. त्यानंतर तुझ्या घरात काय झाले असेल, याची मला कल्पना करवत नाही. तोंडी खुलाशावर त्यांनी का विश्वास ठेवावा? म्हणून माझा संशय खोटा होता, हे स्वतःच्या अक्षरात, सहीनिशी लिहून देत आहे. हे पत्र त्यांच्या हाती दे. त्यांनी बोलावले तर समक्ष येऊन माफी मागेन. आणि तुझ्या मनात माझ्याविषयी काही उरले असेल, तर एकच कळव: ती अकरा मिनिटे पाहताना लीना काय म्हणाली होती?

तुझाच, तू मानशील तर,
शामकांत