गैरहजरीचं कारण

११ मार्च २०२५

स्थलांतर झालेली मुलगी आज बाजारात मासे कापत होती!

नाकाडोंगरीच्या पुढच्या त्या गावात मी मुख्याध्यापकांची एक सही आणायला गेले होते. आठवडी बाजार भरलेला. कोपऱ्यात जमुनाबाई मासोळ्यांची पाटी मांडून बसलेली आणि शेजारी तिची नात रीना. आठवीतली. माझ्या पाहणीतली क्रमांक २१७. फेब्रुवारीच्या दुसऱ्या फेरीत ती गैरहजर होती. कारणाच्या रकान्यात लिहिलंय – 'स्थलांतर, मिरची तोडायला तेलंगणात.' कोणी लिहिलं? मीच.

तिने मला ओळखलं. हसलीसुद्धा. मी मान फिरवली आणि समोरच्या बाईकडून अर्धा किलो वांगी घेतली. वांगी घरात पडलेली आहेत.

सही न घेताच परत आले.

१२ मार्च

कागद काढून बसले. मुलांमधली मारामारी कमी करायचा 'बोलू या' कार्यक्रम झाला त्या आठ शाळांत दुसऱ्या फेरीला शेहेचाळीस मुलं गैरहजर. तुलनेसाठी घेतलेल्या, कार्यक्रम न झालेल्या आठ शाळांत फक्त नऊ. शेहेचाळिसांपैकी चाळिसांपुढे माझ्या अक्षरात एकच शब्द – स्थलांतर.

कोणाला विचारलं होतं? कोणालाच नाही. धानाची कापणी झाली की माणसं बाहेर जातात, हे जिल्ह्यात कोणीही सांगेल. म्हणून लिहून टाकलं. हा फरक तेव्हा दिसला नव्हता असं इथे लिहायचा मोह होतोय. दिसला होता.

१५ मार्च

भंडाऱ्याला सभागृहात सादरीकरण. जायचं नव्हतं. गेले, आणि छान बोलले!

"मारामारी अडतीस टक्क्यांनी कमी." टाळ्या. पुण्याहून आलेल्या आमच्या संचालकबाई पहिल्या रांगेत, चेहरा फुललेला. पुढच्या वर्षी कार्यक्रम शंभर शाळांत न्यायचा म्हणतात. कोणीतरी विचारलं, "मुलं गळाली किती?" मी म्हणाले, "हंगामी स्थलांतर आहे, अपेक्षितच." आवाज जरासुद्धा हलला नाही. मंगळवारी ती पोरगी डोळ्यांनी पाहिलेली आणि आज हे बोलले. वर एक पितळेची समई भेट मिळाली.

बाबांनी ती चिंच लावून घासली आणि दिवाणखान्यात ठेवली. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात – "पोरीले संशोधनासाठी भेटली." मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहते.

१८ मार्च

शेवटी गेले जमुनाबाईकडे. तलावाच्या पाळीला लागून घर, दारात जाळं वाळत घातलेलं. मला पाहून म्हातारी गडबडली, नातीला हाक मारून पाणी आणायला सांगितलं. मी विचारलं – तुम्ही मिरचीला गेला होतात का?

"मिरचीले? आमी कायले जाऊ वो बाई? आमचं तं तळ्यावर चालते. दहा वर्षं झाले, गाव सोडलं नाई."

"मग रीना शाळेत का नव्हती?"

म्हातारी नातीकडे बघायला लागली. रीना पाण्याचा गडवा हातात घेऊन उभी. म्हणाली, "तुमी येनार व्हता ना मॅडम. सरनं सांगतलं, त्या दिवशी घरीच राय."

तुम्ही येणार होता म्हणून! मी तिच्यासाठी आले होते, आणि मी येणार म्हणूनच तिला घरी ठेवलेलं.

एका दिवसाचीच गोष्ट होती म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी वर्गात गेली तर पोरं 'सुरीवाली' म्हणायला लागली. तिसऱ्या दिवसापासून ती गेलीच नाही. दीड महिना झाला. एप्रिलमध्ये परीक्षा.

मी विचारलं, सुरीवाली का? तिने सहज सांगितलं – शाळा सुटली की ती थेट बाजारात जाते, आजीला मासे कापून द्यायला. सुरी फडक्यात गुंडाळून दप्तरात असते. घरी जाऊन परत यायला वेळ नाही पुरत.

पण हे शाळेत कोणाला कळलं कसं, असं विचारायला तोंड उघडलं. विचारलं नाही. चहा अर्धा ठेवून निघाले.

१९ मार्च

गोपीचंद सरांना भेटले – त्या शाळेचे मुख्याध्यापक. भला माणूस. स्वतःच्या पैशाने मुलांना वह्या आणतो. मी जरा चढ्या आवाजातच विचारलं, मुलं घरी का ठेवली?

मी वेडी असल्यासारखं ते माझ्याकडे बघायला लागले. मग टेबलाच्या काचेखालून एक चिठ्ठी काढली. प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेली.

"तुमीच तं देल्ली व्हती मॅडम."

पाच नावं. वर लिहिलेलं – 'जास्त जोखमीची मुले.' रीनाच्या नावापुढे कंसात – 'दप्तरात धारदार वस्तू.' अक्षर माझं. खाली माझी सही, तीही झोकात.

सर म्हणाले, "तपासणी आली का असे दोन-चार पोट्टे घरीच ठेवावं लागते. पहिलेपासूनच रीत हाये. तुमचा निकाल खराब नोको व्हायले म्हून ठेवले. काई चुकलं का?"

मी म्हणाले, "नाही सर, तुमचं नाही." सही घेतली. धन्यवाद म्हणाले!

२० मार्च

बाकीच्या सात शाळांत फोन केले. सातही ठिकाणी तेच. काय मन लावून जपल्यात माझ्या चिठ्ठ्या!

२२ मार्च

आता स्वतःला एकदा सरळ लिहून दाखवते. गोल गोल फिरणं पुरे.

गेल्या जुलैची पहिली फेरी. प्रश्नांचे भरलेले अर्ज टाकायला मी प्रत्येक वर्गात कुलूप लावलेली पेटी नेली होती. किल्ली उंच धरून दाखवायचे. म्हणायचे – "सरांना कळणार नाही, घरच्यांना कळणार नाही, कोणालाच कळणार नाही. अर्जावर नाव नाही, फक्त क्रमांक. म्हणून खरं लिहा." दुसऱ्या बाकावरच्या मुलीने विचारलं होतं, "खरंच कोनालेच नाई?" मी तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले होते, "कोणालाच नाही." ती रीना होती. हे मला त्या दिवशी तिच्या घरी आठवलं, गडव्यातलं पाणी पिताना.

मग ऑफिसात अर्ज वाचताना घाबरले. 'दप्तरात धारदार वस्तू आणतोस का?' – हो. 'कोणाला जखम होईल असं मारलं का?' – हो. उद्या काही झालं तर? अशा वेळी पुण्याच्या समितीला कळवायचं असा नियम आहे. समितीची माणसं येतात, मुलाशी एकट्याने बोलतात, वेळ लागतो. मला तेवढा दम नव्हता. कपाटातली नावांची यादी काढली, क्रमांक जुळवले आणि आठ चिठ्ठ्या लिहिल्या – यांच्याकडे लक्ष ठेवा म्हणून. काळजी होती हे खरं. आपल्या डोक्यावरचं ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवून मोकळं व्हायचं होतं हे जास्त खरं. कार्यक्रम नसलेल्या शाळांना चिठ्ठ्या दिल्याच नाहीत. तिथे कोण लक्ष ठेवणार, म्हणून.

रीनाशी पाच मिनिटं बोलले असते तर मासोळीचा वास आला असता त्या सुरीला.

आणि एक गोष्ट आज भाजी चिरताना सुचली, हातातलं काम तसंच राहिलं. मारामारी तर सगळीच पोरं करतात. बाकीच्यांनी 'नाही' लिहिलं. चिठ्ठ्यांतल्या या मुलांनी 'हो' लिहिलं. म्हणजे माझ्या यादीत सगळ्यात भांडखोर मुलं नव्हती. माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवलेली मुलं होती. तेवढीच मी वेचून काढली.

लाज वाटते. दुसरा शब्द शोधत होते, नाही सापडला.

२५ मार्च

योगेंद्रला सांगितलं. आकडेमोड तोच करतो, हुशार आहे, माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. त्याने ही मुलं पहिल्या फेरीतूनही वगळून हिशेब पुन्हा मांडला. अडतीसचे चार झाले. चार म्हणजे काहीच नाही.

योगेंद्र म्हणाला –

"मॅडम, आता कायले काढून राहिले हे? सादरीकरण झालं. कार्यक्रम काही वाईट नाही ना. शंभर शाळांतल्या पोरांचं भलंच होईल."

मला त्याचा राग आला. कारण सकाळपासून मी स्वतःला हेच समजावत होते, अगदी याच शब्दांत.

२७ मार्च

संचालकबाईंना पत्र पाठवलं. काय लिहिलं? – 'काही विद्यार्थी दुसऱ्या फेरीत अनुपस्थित राहिल्याचे व त्याचा निष्कर्षांवर काही प्रमाणात परिणाम झाला असण्याची शक्यता निदर्शनास आली आहे.'

वा! कोणी ठेवलं, कोणी लिहिलं, कोणाच्या चिठ्ठीने – कोणाचाच पत्ता नाही. इतकं गुळगुळीत वाक्य मला इतक्या लवकर सुचलं याचीच किळस आली.

त्यांचं उत्तर अर्ध्या तासात – "किरकोळ गळती सगळीकडेच असते. अहवालात तळटीप द्या."

३० मार्च

पाडवा. बाबा गुढी बांधत होते. मी त्यांना सगळं सांगून टाकलं. सदतीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस. ऐकून घेतलं, गाठ मारली, मग म्हणाले, "तपासणीच्या दिवशी मी बी पाठवत होतो दोघा-तिघाले घरी. सोमाजी नावाचा एक होता. तो मंग कधी आलाच नाई. मी बी हजेरीत लिहिलं – गाव सोडलं."

थोड्या वेळाने बघितलं तर दिवाणखान्यात समई नव्हती. त्यांनी माळ्यावर ठेवली.

दुपारी दुसरं पत्र लिहिलं. 'मी' या शब्दाने सुरू केलं. मी यादी उघडली. मी नावं दिली. मी न विचारता कारण लिहिलं. पाठवायचं बटण दाबलं आणि हात धुऊन पुरणपोळी खायला बसले.

३ एप्रिल

बाईंचा फोन. चिडल्या नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाल्या, "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. पण बातमी बाहेर जायच्या आत दुरुस्त करू. शेहेचाळीस मुलांना शोधा, अर्ज भरून घ्या. निकाल टिकला तर टिकला, नाही तर मागे घेऊ. तुमच्याविषयी नंतर बोलू."

नोकरी लगेच जात नाही हे कळल्यावर पहिल्यांदा काय वाटलं? हलकं वाटलं! रीना नंतर आठवली. हेही लिहून ठेवते.

८ एप्रिल

जमुनाबाईकडे गेले. या वेळी मीच जमिनीवर बसले. रीनाला म्हणाले, "तू खरं लिहिलंस. कोणाला कळणार नाही असं मी म्हणाले होते आणि मीच सांगितलं. माझी चूक झाली. मला माफ कर."

तिला काय करावं कळेना. मोठ्या माणसाने माफी मागितलेली तिने कधी पाहिलेली नसावी. आजीच म्हणाली, "जाऊ द्या वो बाई. पोरीले परीक्षेले बसू देतीन का, तेवढं सांगा."

गोपीचंद सरांना तिथूनच फोन केला. बसू देतो म्हणाले. वर्गात 'सुरीवाली' कोणी म्हटलं तर स्वतः बघतो म्हणाले. चिठ्ठी मी येतानाच शाळेतून मागून आणली होती, ती जमुनाबाईच्या चुलीत टाकली. जमुनाबाईने विचारलं, "काय जाळलं?" मी म्हणाले, "माझं पाप." ती हसली. मला रडू आलं, तिथेच, तिच्यासमोर.

परतीच्या एसटीत बऱ्याच दिवसांनी झोप लागली. पोरगी परत शाळेत येतेय. निकाल जाऊ दे बुडत. निदान या वेळी अर्ज खरे येतील.

११ एप्रिल

शेहेचाळिसांपैकी त्रेचाळीस भेटली. अर्ज भरून झाले.

मारलं? नाही. शिवी दिली? नाही. भीती वाटते? नाही. दप्तरात काही आणतोस? नाही. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस. नाही, नाही, नाही.

योगेंद्रचा फोन – "मॅडम, निकाल टिकला! अडतीसचे पंचेचाळीस झाले!"

सकाळी शाळेत अर्ज भरताना रीना सगळ्यांत शेवटी उठली होती. सुरी फडक्यात गुंडाळलेली, दप्तराच्या तोंडाशी दिसत होती. अर्ज माझ्या हातात दिला आणि विचारलं, "आता तं बराबर भरला ना मॅडम? आता येऊ ना शाळेत?"