चावीवाल्याची बायको

प्रिय मुकादमबाई,

हे नाव बाबांनी तुला ठेवलं तेव्हा तू सात वर्षांची होतीस आणि रुळांवर त्यांच्यापुढे चालत त्यांनाच हुकूम सोडायचीस. आता तू रेल्वेत मोठी इंजिनियर झालीस, माणसं तुला मॅडम म्हणतात, तरी मी हेच लिहिणार. बाबांची तब्येत बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण ऐकतो कोण? सकाळचा चहा झाला की बूट चढवून निघतात. रूळ उखडून नेले त्याला चार वर्षं झाली, आता नुसती खडी उरलीय आणि तिच्यात कमरेएवढं गवत. तरी हे गृहस्थ आपल्या हद्दीच्या टोकापर्यंत जातात, थोडा वेळ उभे राहतात आणि परत येतात. हातात हातोडी नसते एवढाच काय तो फरक.

खरं सांगू का? मला त्या लाइनीचा हेवा वाटायचा. ती गेली तरी अजून वाटतो. माणसाशी निदान कडाकडा भांडता तरी येतं, रुळांशी काय भांडणार? लग्न होऊन त्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये आले आणि आठवड्याभरात कळून चुकलं, की या घरात आपला नंबर दुसरा. रूळ जागेवर घट्ट धरून ठेवणाऱ्या त्या लोखंडी चाव्या तुझे बाबा रोज हातोडीने ठोकून बघायचे. घट्ट असली तर खणकन वाजायची, सैल असली तर बद्द. कुठली चावी कुठल्या ऋतूत सैल होते हे त्यांना तोंडपाठ. मी खिडक्यांना नवे पडदे शिवून लावले, ते त्यांना अकराव्या दिवशी दिसले. मी दिवस मोजत बसले होते.

आणि गंमत बघ, ती गाडी मलाही आवडायची. सकाळची गाडी गेली की फळीवरची भांडी किणकिणायची, आणि मी बाहेर न बघता सांगायचे, आज डबे चार आहेत की पाच. ड्रायव्हर हात करायचा. त्याच्या धुराची काजळी माझ्या वाळत घातलेल्या चादरींवर बसायची, म्हणून मी एका हाताने त्याला हात करायचे आणि तोंडाने त्याचा उद्धार करायचे. संध्याकाळी गाडी वळणाआड गेली, की रूळ कितीतरी वेळ गुणगुणत राहायचे. तेवढा वेळ मी पायरीवर नुसती बसून असायचे. तू समजायचीस आई दमली.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. तू सहा वर्षांची असताना बाबा तापाने फणफणले होते. बदली माणूस दुपारशिवाय येणार नव्हता आणि सकाळची गाडी तर यायची होती. मीच तुला फाटकवाल्याच्या बायकोकडे सोडलं, हातोडी खांद्यावर टाकली आणि निघाले. हद्दीच्या टोकाला दोन्ही बाजूंचे चावीवाले एकमेकांचे पत्र्याचे बिल्ले बदलायचे, म्हणजे दोघंही शेवटपर्यंत चालून आले याची खूण. पलीकडचा चावीवाला माझ्याकडे बघतच राहिला, पण मुकाट्याने बिल्ला दिला. त्याआधी, मोरीच्या अलीकडे, मला एक बद्द आवाज सापडला होता. चावी ठोकून बसवली आणि वर खडूने फुली मारली. ताप उतरल्यावर बाबा स्वतः जाऊन ती जागा बघून आले. जेवताना म्हणाले, कान चांगला आहे हं तुझा, पोरीत उतरला असणार, तिला शिकवायला हवं.

सुट्ट्या लागल्या तशी तू त्यांच्याबरोबर जायला लागलीस. मला पुन्हा कोणी विचारलंच नाही. तुमचे दोघांचे डबे भरून देताना माझा जळफळाट व्हायचा. परत आल्यावर तुम्ही दोघं अमक्या वळणावर आवाज कसा आला याच्या गप्पा मारायचात आणि मी वाढत असायचे. पोटच्या पोरीवर जळणारी आई तू कुठे पाहिली नसशील. आता पाहा.

आणि म्हणूनच मी जे केलं ते केलं. पाच महिन्यांपूर्वी तू बाबांना लिहिलेलं पत्र त्यांना मिळालेलं नाही. ते पोस्टमनने माझ्या हातात दिलं आणि मी फोडलं. तुझ्या नव्या कामगारांना आवाजावरून सैल चावी ओळखता येत नाही, बाबांनी तीन महिने येऊन शिकवावं, राहायला खोली आहे, असं चार पानं लिहिलंस, आणि माझ्यासाठी काय, तर शेवटी एक ओळ, आईची काहीतरी सोय करून या. ते पत्र मी कपाटात कागदाखाली दडवलं. तुला वाटत असेल बाबा रुसले. त्यांना वाटतं तू विसरलीस. काल ते आपल्या जुन्या फाटकवाल्याला तसं म्हणाले, मी आतून ऐकलं आणि कपाटातून पत्र बाहेर काढलं. आज ते फिरून आले की पत्र त्यांच्या हातात ठेवणार आहे, कोणी दडवलं तेही सांगणार आहे. चार दिवस बोलणार नाहीत माझ्याशी, चालेल. मग मिळेल त्या गाडीने तुझ्याकडे येतील, मी अडवणार नाही. तू मात्र मला एक पत्र लिही. माझ्या एकटीच्या नावावर. आधी मनसोक्त शिव्या दे, माझं चुकलंच आहे. आणि मग खाली लिही, की शिकवायला आणखी एक माणूस हवंय, तू येशील का? मी हो म्हणेन की नाही ते मी बघेन. पण एकदा मला विचार.

चुकलेली, जळकी, तरीही तुझीच,
आई